सात मजल्यांची पेठ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली, त्या नदीनं तेव्हापासून दोनदा पात्र बदललं म्हणतात.

त्या नदीकाठी एक नगरी होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि उरलेल्या दोन्ही बाजूंना भातशेती. नगरी चांगली नांदती होती. घरोघरी पोरं होती, पोरांची लग्नं होत होती, आणि लग्न म्हटलं की नवी खोली आलीच. ती बांधायची कुठे? तर शेतात. दरवर्षी घरांची एक ओळ वाढायची आणि भाताची एक पट्टी कमी व्हायची. हे सगळ्यांना दिसत होतं. पण स्वतःच्या मुलाच्या लग्नात शेताचा विचार कोण करतो?

नगरीच्या अगदी मधोमध एक जागा मात्र ओस पडली होती. जुना हत्तीखाना. हत्ती जाऊन कैक वर्षं झाली होती. आता तिथे रुई माजली होती, शेळ्या चरत होत्या, आणि कुणाकडे काही फुटलं-तुटलं की ते तिथेच येऊन पडायचं.

एक दिवस एक गवंडी राणीसमोर हात जोडून उभा राहिला.

"राणीसरकार, हत्तीखाना मला द्या. मी तिथे सात इमारती बांधतो. एकेक सात मजल्यांची. नगरी आडवी पसरते म्हणून शेतं जातात. ती उभी वाढली तर शेतं राहतील."

प्रधानजी शेजारीच बसले होते. माणूस वाईट नव्हता हो. घर नसलेली माणसं रोज त्यांच्या दारात येऊन रडायची, आणि त्यांना खोल्या कुठून द्यायच्या हीच त्यांची चिंता होती. पण त्यांचे गुडघे दुखायचे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना नुसता ऐकूनसुद्धा त्रास होतो.

"आभाळात चिमण्या राहतात, माणसं नाही," ते म्हणाले. "इमारती उभ्या राहतील आणि रिकाम्या पडतील. त्यापेक्षा शेतांचे भूखंड पाडू या, सरकार. निदान माणसं जमिनीवर तरी राहतील."

राणीनं दोघांचं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बांधायला तीन वर्षं, वसायला एक वर्ष. चौथ्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्रधानजी स्वतः सगळ्या पेठेतून फिरतील. प्रत्येक उंबऱ्यापुढे रांगोळी दिसली, तर शेतं कायमची राखू. एक जरी उंबरा कोरा सापडला, तर भूखंड पाडू."

राणीनं खूण नेमकी धरली होती. त्या नगरीत बायका सकाळी सडा घालून उंबऱ्यापुढे रांगोळी काढल्याशिवाय चूल पेटवत नसत. सोयर-सुतकाचे दिवस तेवढे सोडायचे. आणि रिकाम्या घरापुढे तर कुणीच रांगोळी काढत नाही.

प्रधानजींनी दुसऱ्याच दिवशी शेतात खुंट्या ठोकून ठेवल्या. म्हणाले, "भूखंडांची दोरी चौथ्या वर्षी बांधू."

खुंट्यांची पहिली रांग गेली ती गवंड्याच्या थोरल्या बहिणीच्या शेतातून. आई-बाप गेल्यावर या आक्कानंच त्याला वाढवलं होतं. तिच्याजवळ तेवढा एकच तुकडा होता, एक विहीर आणि दोन बैल. ती बांधावर उभी राहून खुंट्यांकडे बघत होती, तेवढ्यात भाऊ आला.

"शाब्बास रे पठ्ठ्या," आक्का म्हणाली. "ज्या शेतातला भात घालून तुला मोठा केला, त्याच शेतात खुंट्या ठोकून घेतल्यास!"

"आक्का, एकही दोरी बांधू देणार नाही. शब्द देतो."

"शब्द नको देऊस. भिंती नीट बांध."

आणि भिंती त्यानं नीटच बांधल्या. काय सांगू तुम्हाला! डोंगराचा दगड, नदीच्या मातीच्या विटा, बैलांच्या घाण्यात दळलेला चुना. पावसाळा म्हटला नाही, उन्हाळा म्हटला नाही. तीन वर्षांत जिथे शेळ्या चरत होत्या तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीला सात मजले, प्रत्येक मजल्यावर सात घरं. एकूण तीनशे त्रेचाळीस उंबरे. प्रत्येक घराला खिडकी, खिडकीत वारा. सातव्या मजल्याकडे बघताना मान इतकी मागे जायची, की कितीजणांची पागोटी धुळीत पडली याची गणतीच नाही. पण पागोटं झटकताना जो तो म्हणायचा, "वा! आपल्या नगरीत असं काही होईल वाटलं नव्हतं."

पण एवढ्या हुशार गवंड्याच्या हातून एक चूक झाली. आणि ती फक्त त्या नगरीतल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती.

तिथे प्रत्येक धंद्याची आळी वेगळी. तांबट आळी, माळी आळी, शिंपी आळी, तेली आळी, अशा. तांबटाचा शेजारी तांबट, शिंप्याचा शिंपी. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हा गवंड्यानंही आळीच उचलली आणि उभी केली. एक इमारत नुसत्या तांबटांची. एक नुसत्या माळ्यांची. एक नुसत्या वाण्यांची. तसंच पुढे.

झालं! पहिल्या महिन्यातच हाहाकार उडाला.

तांबटांच्या इमारतीत सात मजल्यांवर एकोणपन्नास हातोडे. वरचा ठोकतो ते खालच्याच्या डोक्यात, खालचा ठोकतो ते वरच्याच्या पाठीत. माळ्यांच्या इमारतीत ताटव्यासारखी शांतता, पण सातव्या मजल्यावर गजरा घ्यायला येणार कोण? सातव्या मजल्यावरच्या शिंपिणींना चिमूटभर हिंग हवा असला की एकशे चाळीस पायऱ्या उतरायच्या, वाण्यांच्या इमारतीत जायचं आणि पुन्हा एकशे चाळीस चढायच्या. वर पोचेपर्यंत फोडणी जळलेली.

दिवाळीपर्यंत निम्मी घरं रिकामी झाली. गेलेली माणसं शेताच्या बांधांवर झोपड्या टाकून राहू लागली. आक्काच्या बांधावरही चार उभ्या राहिल्या. गवंड्याला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

त्या पेठेच्या भिंतीला लागून एक बुरडीण राहायची. सूप, टोपल्या, पाट्या विणायची आणि दारोदार विकायची. तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. कुणाच्या चुलीवर काय शिजतं, कुणाच्या सासूचं कुणाशी पटत नाही, कुणाची झोप उडाली आहे. लोक तिला भोचक म्हणायचे. म्हणोत बापडे. चौकशी केल्याशिवाय माणूस कळत नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गवंडी तिच्या अंगणात येऊन डोकं धरून बसला.

"मावशी, भिंतीत एक चीर नाही. मग माणसं का जातात?"

बुरडीण टोपली विणत होती. तिनं नुसत्या उभ्या काड्या त्याच्या हातात दिल्या. "घे, यात तांदूळ भरून दाखव."

"उभ्या काड्यांत कसे राहतील? गळतील की."

"हेच तर केलंस लेकरा तू. सात उभ्या काड्या केल्यास. चांगल्या चिवट केल्यास, त्याबद्दल वाद नाही. पण आडवी एक नाही घातलीस. मग माणसं गळणार नाहीत तर काय होईल?"

गवंड्यानं काड्या खाली ठेवल्या. "म्हणजे पाडून पुन्हा बांधू?"

"अरे एक वीट हलवू नकोस! माणसं हलव. तांबटांच्या दुसऱ्या मजल्यावर ती सून आहे बघ, चौथा महिना आहे तिला. याआधी दोनदा दिवस राहिले आणि गर्भ पडला. वैद्यानं सांगितलंय, पडून राहा, झोप घे. त्या ठोकाठोकीत कसली झोपते बिचारी! आणि माळ्यांच्या सातव्या मजल्यावर एक म्हातारी माळीण आहे. तिथे सुईचा आवाज ऐकू येईल इतकं शांत. पण तिला त्याचा काय उपयोग? ती ठार बहिरी!"

दोघं उठून माळिणीकडे गेले. बुरडीण तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आजी, तांबटांत राहायला जाता का? खाली दुसऱ्या मजल्यावर! आवाज फार आहे पण!"

"ओरडतेस कशाला?" म्हातारी म्हणाली. "आवाजाचं मला काय सांगतेस? मला तुझा तरी कुठे येतोय! ओठांवरून कळलं. दुसरा मजला म्हणालीस ना? चल, आत्ता जाऊ. माझे गुडघे तुला आशीर्वाद देतील."

पण तांबटाची सासू अडून बसली. "माझी सून माळ्यांत राहणार? शंभर वर्षांत तांबट कधी तांबट आळीबाहेर निजला नाही!"

"तर मग पुढची शंभर वर्षं तांबट आळीत पाळणाही हलणार नाही," बुरडीण म्हणाली. "आणि अहो, सून दूर नाही जात. तुमच्या हातची आमटी वर गरम पोचेल, आणि टोमणा पोचेपर्यंत गार होईल. याहून सोयीचं अंतर कुठलं?"

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासूलाही हसू आवरेना. ती कबूल झाली.

पण खरी अडचण पुढेच होती. चौथा महिना, आधी दोनदा गर्भ पडलेला, आणि एकशे चाळीस पायऱ्या. सुनेनं जिन्याकडे पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले. "मावशी, मला वर जायचंय हो. पण हे कसं चढू?"

गवंडी सरळ आक्काच्या शेतावर गेला. लहानपणापासून काही अडलं की तो तिकडेच जायचा.

आक्का मोट हाकत होती. बैल उतारावरून खाली चालत होते आणि विहिरीतून भरलेली मोट वर येत होती. भावाचं रडगाणं तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला डोळे दिलेत देवानं?" ती म्हणाली.

"का गं?"

"समोर काय चाललंय?"

"मोट."

"पाणी खालून वर येतंय ना? ते काय पायऱ्या चढून येतंय? मग माणूस का नाही येणार?"

गवंड्यानं आक्काचे पाय धरले.

"सोड, बैल बिचकतात," आक्का म्हणाली. पण बैल तिनं तेव्हाच सोडले आणि पेठेकडे वळवले.

हत्ती चढायचे तो जुना उतार अजून शाबूत होता. तिथे मोटेसारखी बैलांना चालायला धाव केली. माळ्यांच्या इमारतीच्या माथ्यावर दगडी खांब रोवून चाक बसवलं. मोटेच्या दोराहून तिप्पट लांब दोर वळला. आणि बुरडिणीनं तीन दिवस बसून चिव्याच्या बांबूची पाटी विणली, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी, छातीइतक्या काठाची.

"पहिली मी बसणार," ती म्हणाली. "माझी वीण आहे. तुटली तर माझ्याच डोक्यावर तुटू दे."

आक्कानं बैलांना हाक दिली. बैल खाली चालले, पाटी वर निघाली. खाली सगळी नगरी माना वर करून जमली होती. पाचव्या मजल्यापाशी पाटी थोडी हलली, आणि वरून बुरडिणीचा आवाज आला, "अगं बाई! समोरच्या शिंपिणीनं आज पुन्हा भेंडीच केलीय!"

तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

त्याच दिवशी तांबटाची सून वर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू आमटीचं भांडं घेऊन पाटीत बसली. खाली येऊन ती सगळ्यांना सांगत सुटली, "झोपलीय हो! दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलीय."

एवढं झाल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. जो तो येऊन बुरडिणीला विचारू लागला, "मावशी, आमचं कुठे जमेल बघा ना." आणि तिला ठाऊकच होतं. तांबटांचे हातोडे तळमजल्यावर मागच्या अंगाला आले. तिथे ठोका जमिनीत जिरतो. वाणी, माळी, तेली सातही इमारतींच्या तळाशी वाटले गेले, म्हणजे हिंग आणि गजरा प्रत्येकाच्या जिन्याखाली. पाटी चुकली तर वैद्याला दोनच मजले चढावे लागतील, म्हणून तो दुसऱ्यावर. शिंप्यांना उजेड हवा, म्हणून तिसरा. पंतोजींची शाळा चौथ्यावर, कारण पोरांना पायऱ्यांचं काहीच वाटत नाही. वरचे मजले निजायला, आणि गच्च्या पापडांना.

गवंडीही टोपलीचा धडा विसरला नाही. त्यानं तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यांवर इमारतींना जोडणारे लाकडी पूल टाकले. "या माझ्या आडव्या काड्या," तो सांगायचा. आणि प्रत्येक इमारतीला एकेक पाटी, एकेक धाव. शेतकऱ्यांचे बैल पाळीपाळीनं येऊ लागले.

चैत्रात ती पेठ बघायला हवी होती! खाली तांब्याचा ठणठणाट, त्यावर मोगऱ्याचा वास, मधेच पाढ्यांचा गलका. पुलांवर बायका टेकून बोलतायत. पहाटे शिंप्याचा दिवा, सांजेला वाण्याचा, म्हणजे पेठ कधी मुकी नाही, कधी आंधळी नाही. हिंगासाठी आता आपलाच जिना आणि दोन गप्पा. बांधांवरच्या झोपड्या एकेक करून मोडल्या, आणि आक्काच्या बांधावरची शेवटची झोपडी पाडव्याला गेली.

मग अक्षय्य तृतीया उजाडली.

राणी खाली चौकात बसली. प्रधानजी जिन्याकडे बघून कण्हले, तेव्हा आक्कानं पाटी पुढे केली. "बसा. माझे बैल कुणाच्याही गुडघ्यांचा राग धरत नाहीत."

प्रधानजी घाबरत घाबरत बसले. वर जाऊन ते मजल्यामजल्यावरून फिरले. मोर, कमळं, ठिपक्यांच्या रांगोळ्या, कुठे बहिऱ्या माळिणीनं पाकळ्यांचीच काढलेली. गवंडी मागून चालत होता. तीनशे चाळीस. तीनशे एक्केचाळीस. तीनशे बेचाळीस.

शेवटचा उंबरा राहिला होता. माळ्यांची इमारत, सातवा मजला.

त्या उंबऱ्यापुढे रांगोळी नव्हती. सडासुद्धा नव्हता. दार बंद.

गवंड्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, आक्काच्या शेतात खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणलेली दोरी. प्रधानजी मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "वाईट वाटतं रे. पण कोरा तो कोराच."

तेवढ्यात दारामागून आवाज आला. बारीक, चिडका, नवा कोरा आवाज.

"ट्यँहां!"

दार किलकिलं झालं. बुरडिणीनं डोकं बाहेर काढलं. रात्रभर जागल्यानं तिचे डोळे लाल झाले होते. "कोण आहे? प्रधानजी? जरा हळू बोला. पहाटेच बाळंतीण झालीय. मुलगी आहे. सोयर आहे हो घरात, रांगोळी कशी काढायची?"

प्रधानजी वळून कठड्यापाशी गेले आणि पागोटं सावरत बाहेर पाहू लागले. इतक्या उंचावरून त्यांनी आपली नगरी कधी पाहिलीच नव्हती. एकीकडे नदी, एकीकडे डोंगर, आणि दोन बाजूंना नांगरून ठेवलेली, पावसाची वाट बघणारी काळी शेतं. त्यांत खुंट्यांच्या बारीक रांगा. त्यांनी स्वतःच ठोकलेल्या.

खाली येऊन ते राणीपुढे उभे राहिले.

"सरकार, तीनशे बेचाळीस घरं वसलेली आहेत," ते म्हणाले. "आणि एक घर सगळ्यांत जास्त वसलंय."

राणीनं त्याच घटकेला खुंट्या उपटायचा हुकूम दिला. आपल्या शेतातल्या खुंट्या आक्कानं स्वतः उपटल्या आणि पेठेतल्या धावेशेजारी बैल बांधायला रोवल्या. गवंड्याला म्हणाली, "आता जेवायला ये. शब्द पाळलास."

पुढे दूरदूरचे राजे ती पेठ बघायला येत. सात इमारती बघून थक्क होत आणि विचारत, "एवढं उंच कसं बांधलंत?" गवंडी त्यांना बुरडिणीच्या अंगणात नेई आणि अर्धी विणलेली टोपली हातात देई. प्रधानजी तोवर सहाव्या मजल्यावर राहायला आले होते. रोज सकाळी पाटीत बसून ते खाली गजरा घ्यायला जात, आणि सातव्या मजल्यावरची ती चिमुरडी हट्टानं त्यांच्या मांडीवर बसून सोबत जाई.

तात्पर्य: इमारत विटांनी उंच होते, पण नांदती होते ती नाना तऱ्हेच्या माणसांची वीण घट्ट बसल्यावरच.